केसपेपरच्या खिडकीतल्या भामरेबाई

भामरेबाईंसमोर ‘सिस्टीम स्लो आहे’ असं म्हणायची सोय नव्हती. मी म्हणालो, आणि तेही पहिल्याच भेटीत.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सिस्टीम म्हणजे कोण?"

"म्हणजे कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, नेटवर्क... सगळं मिळून."

"सगळं मिळून कोणी नसतं. माणसाचं नाव सांगा. हा डबा कोणी घेतला, कोणी इथे आणून ठेवला, बिघडला तर कोणी बघायचा? त्या माणसाला स्लो म्हणा. डब्याला काय म्हणता?"

खिडकीच्या जाळीपलीकडची रांग दाराबाहेर गेली होती आणि सगळी रांग माझ्याकडे बघत होती, जणू तो माणूस मीच.

माझं सातपूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कारखान्यांच्या ऑफिसांतली यंत्रं सांभाळायची, हे मुख्य काम. त्या वर्षी नाशकातल्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचं कंत्राट मिळालं आणि पहिली तक्रार आली ती केसपेपरच्या खिडकीतून. त्या खिडकीमागे भामरेबाई कित्येक वर्षं बसत होत्या. पेशंटने आधी त्यांना नाव-गाव-वय सांगायचं, त्यांनी ते कॉम्प्युटरवर भरून केसपेपर छापून द्यायचा, आणि मग डॉक्टर. केसपेपरशिवाय त्या इमारतीत कोणी कोणाची नाडी धरत नसे.

त्या दिवशी मी जे सगळे करतात तेच केलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, साठलेल्या निरुपयोगी फायली उडवल्या आणि म्हणालो, "आता फास्ट चालेल, मॅडम."

"बसा," त्या म्हणाल्या आणि स्वतः खुर्चीतून उठल्या.

"मी?"

"तुम्हीच. फास्ट चालतोय ना? मग काढा केसपेपर. मी नावं विचारते."

मी बसलो. बाईंनी खिडकीत वाकून एका आजोबांचं नाव विचारलं, मी टाइप केलं. अक्षरं पडद्यावर यायलाच उशीर लागत होता. मी ‘सेव्ह’ दाबलं आणि पडद्याच्या मधोमध ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. आजोबा जाळीला नाक लावून उभे. त्यांच्यामागे एक बाई, कडेवर तापाने लाल झालेलं मूल. ती त्याला या कडेवरून त्या कडेवर घेत होती. कोणीतरी मागून ओरडलं, "ओ साहेब, झोपले का काय?" माझ्या कानामागून घाम आला. चक्र थांबलं, पडदा पांढरा झाला, पुन्हा चक्र आलं.

पुष्कळ वेळाने बाईंनी विचारलं, "राग येतोय?"

"हो."

"कोणाचा?"

"या कॉम्प्युटरचा."

"चुकलं," त्या म्हणाल्या. "उठा. परत विचार करा, मग या."

बाई बुटक्या, अंगाने भरलेल्या, सुती साडी कडक इस्त्रीची, केसांचा घट्ट अंबाडा. गाव कळवणकडचं, राहायला सिडकोत. ऑफिसात एरवी स्वच्छ शाळेतलं मराठी बोलायच्या, पण राग एका मर्यादेपलीकडे गेला की अहिराणी सुरू व्हायची. वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. बाई ‘आहे’ म्हणतायत तोवर वाद घालता यायचा. ‘शे’ ऐकू आलं की माणसं हळूच काढता पाय घ्यायची.

आणि राग त्यांना सारखा यायचा. रांगेतल्या माणसाला शिपायाने ‘ए, मागे हो’ म्हटलं की राग. डॉक्टरांनी आपल्या पाहुण्यांचा केसपेपर मागच्या दाराने मागवला की राग. एकदा गळ्यात जाड साखळी घातलेला एक गृहस्थ रांग मोडून थेट खिडकीत आला आणि एका पुढाऱ्याचं नाव घेऊन म्हणाला, "मी त्यांचा माणूस." बाई म्हणाल्या, "त्यांना काय होतंय? त्यांनाच पाठवा, त्यांचा काढते. माणसाचा काढायचा तर माणूस रांगेत लागतो." रांग हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांना विनोद करायचा नव्हताच.

सकाळी आल्या आल्या डोक्याचा स्कार्फ सोडायच्या आधी त्या कॉम्प्युटरचं बटण दाबायच्या, कारण तो जागा व्हायला फार वेळ घ्यायचा. मग पाण्याची बाटली भरून आणायची, टेबल पुसायचं, देवाला हात जोडायचे, तरी पडद्यावर काही नाही. शेवटी त्या मेथीची जुडी आणायला लागल्या. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत अख्खी जुडी निवडून व्हायची. हे कळल्यावर नर्सही आपापली भाजी त्यांच्याकडे ठेवून जाऊ लागल्या. एका सकाळी प्रशासकीय अधिकारी मोहिते तिथून चालले होते. ते थबकले.

"भामरेबाई, ड्युटीवर भाजी निवडता?"

"साहेब, ड्युटीवर मी आहे," बाई देठ मोडत म्हणाल्या. "कॉम्प्युटर अजून आला नाही."

मोहिते काही न बोलता गेले. पण असली माणसं न बोलता गेली की गोष्ट लक्षात ठेवतात.

मी परत गेलो तो दोन दिवसांनी, रविवारी, खिडकी बंद असताना. बाई मुद्दाम आल्या होत्या. माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि मी काय करतोय ते एकेक विचारायला लागल्या. डबा उघडला तर आत धुळीची गोधडी. ती झटकली. एकाच मशीनवर कोणीतरी दोन-दोन अँटिव्हायरस टाकून ठेवले होते. त्यातला एक काढला. मशीन सुरू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्राम बंद केले. मेमरी वाढवली. थोडा फरक पडला, पण थोडाच. मग कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी पडद्यावर उघडली, तर बाकी सगळे निवांत आणि हार्ड डिस्क मात्र पूर्ण शंभर टक्के. काही न करताही शंभर टक्के. मी कान लावला. आतून टक्, टक् असा बारीक आवाज येत होता.

"काय ऐकतोयस?" बाईंनी विचारलं. तोपर्यंत मी ‘तुम्ही’चा ‘तू’ झालो होतो.

"डिस्क जातेय, बाई. सगळी माहिती हिच्यावर असते. आत एक तबकडी फिरते, ती आता झिजली. प्रत्येक नाव शोधायला ती पुन्हा पुन्हा तीच जागा वाचतेय. वरून कितीही साफसफाई केली तरी उपयोग नाही. ही बदलायला पाहिजे. आता नव्या प्रकारची मिळते, तिच्यात फिरणारं काही नसतं. ती टाकली की मशीन पळेल."

"मग बदल."

"साहेबांची परवानगी लागेल."

"लिहून दे," बाई म्हणाल्या. "सही कर. तुझं नाव घाल."

मी लिहून दिलं. मोहित्यांच्या केबिनमध्ये मी आणि बाई दोघेही गेलो. मोहिते चांगलं बोलणारे गृहस्थ, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि मला म्हणाले, "पवार, कॉम्प्युटर चालतोय ना? चालतोय. मग घाई काय? खरं सांगायचं तर प्रश्न कॉम्प्युटरचा नाहीये. बाईंचं वय झालंय. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. आपण समजून घेतलं पाहिजे." हे सगळं बाई समोर उभ्या असताना. मग त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला आपण बेसिक कोर्सला पाठवू. म्हणजे आत्मविश्वास येईल."

मला वाटलं आता ‘शे’ येणार. पण बाई कोर्सला गेल्या. तिथे नातीच्या वयाच्या पोरीने त्यांना ‘हा माऊस, हा कीबोर्ड’ असं शिकवलं. परीक्षेत त्या पहिल्या आल्या. प्रमाणपत्र मिळालं ते फ्रेम करून त्यांनी मॉनिटरच्या डोक्यावर खिळ्याला टांगलं. मोहिते राऊंडला आले तेव्हा म्हणाल्या, "साहेब, मी पास झाले. आता ह्याला कधी पाठवताय?"

त्याच महिन्यात हॉस्पिटलात नवे कॉम्प्युटर आले. पहिल्या मजल्यावरच्या मीटिंग हॉलसाठी. विश्वस्त मंडळी महिन्यातून एकदा तिथे बसतात, त्यांना आकडे मोठ्या पडद्यावर छान दिसावेत म्हणून. ते बसवायला मीच गेलो होतो. खाली उतरताना बाईंनी विचारलं, "कसे आहेत?" मी म्हणालो, चांगले आहेत. "चालू व्हायला किती वेळ?" मी म्हणालो, लगेच होतात. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, जिथे चक्र फिरत होतं, आणि जाळीतून पुढच्या माणसाला म्हणाल्या, "थोडा वेळ लागेल, दादा. टेकून उभे राहा."

इथवरचा त्यांचा राग मी समजू शकत होतो. तो माझ्याही धंद्यातला राग आहे. पुढे झालं ते वेगळं.

सुरगाण्याच्या बाजूचा एक म्हातारा, गावित नावाचा, एक दिवस नातवाला घेऊन खिडकीत आला. नातवाच्या पायाला काहीतरी लागलं होतं. मी तेव्हा शेजारच्या औषधांच्या काउंटरवर प्रिंटर जोडत होतो, म्हणून सगळं माझ्या समोर झालं. बाईंना चेहरे लक्षात राहायचे. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही मागे आला होतात. आजी होत्या बरोबर. त्यांना धाप लागत होती. बऱ्या आहेत का?"

"ती गेली ना, बाई," गावित म्हणाला.

"कधी?"

"त्याच दिशी. आपला नंबर आला नाय, मंग गाडीनं घरी चाललो व्हतो. सावळघाटात गेली. मांडीवरच."

गावितला वाटलं, बाईंना वाईट वाटलं. तो समजूत घालायला लागला. "तुमी काय करशाल, बाई? कॉम्पुटर बंद व्हता ना त्या दिशी. तुमी सांगितलं व्हतं, उद्या या."

मला नंतर बाईंनीच तो दिवस सांगितला. मी डिस्कचं लिहून दिल्यानंतरचाच तो. आदल्या रात्रीच्या पावसाने रस्ता खराब, रांगेत डोंगराकडचे लोक जास्त. कॉम्प्युटर एकेका नावावर अडून बसलेला. दुपारी बारा वाजता नोंदणी आपोआप बंद व्हायची, तशी सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये मोहित्यांनीच करून घेतली होती. गावित आणि त्याची बायको रांगेत अगदी पुढे आलेली. बारा वाजले, पडदा बंद. म्हातारी पायरीवर बसली होती, पदराने तोंड पुसत. बाईंनी त्यांना इमर्जन्सीकडे पाठवलं. तिथल्या माणसाने विचारलं, "चालत आली ना? मग ओपीडी. केसपेपर आणा." ती दोघं परत खिडकीशी आली. आणि बाई म्हणाल्या, ‘कॉम्प्युटर बंद पडलाय, उद्या या.’

"हे मी बोलले," बाई मला म्हणाल्या. "माझ्या तोंडाने बोलले. मी, जी सगळ्यांना नावं विचारत फिरते."

आणि मग: "तो चिडला का नाही रे? माझ्या अंगावर धावून का नाही आला? मला म्हणतो, तुमी काय करशाल!" त्यांचा आवाज फाटला. "सिस्टीम कोन शे? त्यानं नाव सांग माले! कोन शे?"

त्या दिवशी मी कुठलंही नाव घेतलं असतं तर बाई उठून त्याच्या दारात गेल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कॉम्प्युटर सुरूच केला नाही. मॉनिटरवर टेबलावरचं फडकं टाकलं, समोर कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला आणि हाताने केसपेपर लिहायला लागल्या. नाव, गाव, वय, तक्रार, खाली सही. अक्षर सुबक, जुन्या शाळेतलं. रांग सरसर पुढे सरकली. डॉक्टरांना नंबर नसलेले कागद बघून आधी कळेना, मग त्यांनीही तपासायला सुरुवात केली. दहा वाजताच व्हरांडा मोकळा दिसायला लागला. वॉर्डबॉय येऊन बघून जात होते, बाई जादू करतायत असं वाटून.

दुपारी मेमो आला. परवानगीशिवाय प्रचलित पद्धत मोडली, नोंदी अपूर्ण राहिल्या, संस्थेच्या शिस्तीला बाधा आली. चौकशी लागली. ती मीटिंग हॉलमध्ये व्हायची होती, त्या मोठ्या पडद्यासमोर. बाईंनी निरोप पाठवला: "चौकशी माझ्या टेबलाशी करा. सकाळी, रांग असताना. नाहीतर मी येणार नाही. मग जे करायचं ते करा."

का कोण जाणे, मोहिते तयार झाले. बहुतेक त्यांना खरंच वाटत होतं की प्रश्न बाईंच्या बोटांचा आहे. बरोबर एक विश्वस्त आले, निवृत्त प्राध्यापक, शांत म्हातारे गृहस्थ. मला तांत्रिक माणूस म्हणून बोलावलं होतं.

मोहिते म्हणाले, "बाई, तुमची बाजू काय ती थोडक्यात मांडा."

"बाजू काही नाही, साहेब. तुम्ही फक्त एक केसपेपर काढा." बाईंनी खुर्ची मागे ओढली. "माझाच काढा. निर्मला भामरे. गाव लिहा कळवण. तक्रार लिहा, छातीत भरून आलंय, धाप लागतेय, चालवत नाही."

मोहिते हसले. "नाटक करायची गरज नाही."

"बसा ना, साहेब. सोपं काम आहे. कोर्सला न जाताही येईल तुम्हाला."

विश्वस्तांनी मान हलवली, म्हणून मोहिते बसले. बाई दाराने बाहेर गेल्या, वळसा घालून रांगेत पहिल्या नंबरवर जाऊन उभ्या राहिल्या आणि जाळीला तोंड लावलं. मोहित्यांनी नाव टाइप केलं. अक्षरं हळूहळू उमटली. त्यांनी ‘सेव्ह’ दाबलं. चक्र आलं.

मोहित्यांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पडदा पांढरा झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दाबू नका साहेब, अजून अडकेल," मी म्हणालो.

जाळीपलीकडून बाईंचा आवाज आला, अगदी साधा, "साहेब, मला उभं राहवत नाहीये."

रांगेत कोणी हसलं नाही. मोहित्यांची मान लाल झाली होती. ते पडद्याकडे बघत राहिले आणि मग, माझ्या देखत, ते वाक्य त्यांच्या तोंडून आलं: "सिस्टीम जरा स्लो दिसतेय."

"मग मी काय करू?" बाईंनी विचारलं. "उद्या येऊ?"

विश्वस्त वाकून माझ्याशी बोलले. "याला उपाय काय आहे?" मी त्यांना डिस्कचं सांगितलं. "तुम्ही आधी कळवलं होतं?" मी मोहित्यांकडे पाहिलं. विश्वस्तांना उत्तर कळलं. त्यांनी तिथेच सांगितलं, आज बदला.

मी दुकानातून डिस्क आणली. खिडकी बंद झाल्यावर दुपारी बसलो. जुनी माहिती नव्या डिस्कवर उतरवायला वेळ गेला, बाकी काम असं काही नव्हतं. चार स्क्रू काढायचे, वायर बदलायची, स्क्रू लावायचे. बटण दाबलं. मी हात पुसून वर बघतो तो पडदा तयार. एका नर्सचं नाव टाइप केलं, ‘सेव्ह’ दाबलं, आणि प्रिंटरमधून कागद बाहेर आला. नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, पेढे आणा.

बाई टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी तो कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला.

"एवढंच होतं?"

"हो, बाई."

"एवढंच?" त्या खाली बसल्या. "हे नाशकात मिळतं?"

"कुठेही मिळतं."

"आणि केव्हापासून मिळतं?"

"बरीच वर्षं झाली."

मला वाटलं बाई रडतील. पण त्यांनी प्रिंटरवर अशी मूठ मारली की बाजूचा चहाचा कप खाली पडून फुटला, आणि सगळ्या नर्स एकेक करून बाहेर गेल्या. यंत्र पूर्ण बिघडलेलं असतं, दुरुस्त न होणारं असतं, तर बाईंना ते झेपलं असतं. एका दुपारचं काम निघालं, ते त्यांना सहन झालं नाही.

पुढच्या आठवड्यात मोहित्यांनी खिडकीला फुलांची माळ लावून कार्यक्रम केला. ‘नूतन संगणक सेवेचा शुभारंभ.’ फोटोवाला आला होता. बाईंच्या हातात नारळ देऊ लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "बिघडला होता तेव्हा कोणी नारळ घेऊन आलं नाही. आता मला रांग आहे." आणि खिडकी उघडून बसल्या. फोटोत मोहिते आहेत, माळ आहे, आणि मागे जाळीतून, कीबोर्डवर वाकलेल्या बाईंचा फक्त अंबाडा दिसतो. मेमो मागे घेतल्याचं कोणी कळवलं नाही. मोहिते आजही त्या केबिनमध्ये आहेत. ते चांगलं बोलतात.

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी बाईंचा फोन आला. "गाडी काढतोस का? मला गावितच्या पाड्यावर जायचंय."

"कशाला, बाई?"

"त्याला खरं सांगायला."

मी टाळायचा प्रयत्न केला. म्हणालो, त्याची जखम भरत आली असेल, कशाला उकरायची. बाई म्हणाल्या, "नसेल काढायची तर सांग, मी एसटीने जाते." मी गाडी काढली. पेठ रस्त्याला लागलो. सावळघाट आला तेव्हा बाईंनी खिडकीची काच खाली केली आणि घाट संपेपर्यंत बाहेर बघत राहिल्या. नागलीची शेतं हिरवीगार झाली होती. पेठच्या पुढे विचारत विचारत पाड्यावर पोचलो.

गावित अंगणात दोर वळत बसला होता. ओळख पटल्यावर गडबडीने उठला, खाट टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. बाई बसल्या नाहीत.

"बाबा, मी तुम्हाला त्या दिवशी खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटर बंद पडला नव्हता. त्याचा एक भाग खराब झाला होता. ते सगळ्यांना माहीत होतं. ह्या पवारने लिहूनही दिलं होतं. मोहिते म्हणून आमचे साहेब आहेत, त्यांनी बदलू दिला नाही. बदलला असता तर आजींचा पेपर निघाला असता, डॉक्टरने तपासलं असतं. आणि मी हाताने लिहून देऊ शकत होते. तेही मी केलं नाही."

गावित ऐकत उभा राहिला. दोर हातातच होता. मग त्याने मला विचारलं, "केवढा ऱ्हातो तो भाग?"

मी हात पुढे केला, तळहात दाखवला. त्याहूनही लहान, असं बोटांनी दाखवलं. तो माझ्या तळहाताकडे बघत राहिला. बराच वेळ. मला हात मागे घ्यायची लाज वाटायला लागली.

"मला वाटलं माझीच चूक," तो म्हणाला. "पहिली गाडी चुकली माझी. कोंबड्या सोडायला थांबलो म्हनून चुकली. लवकर आलो असतो तं नंबर लागला असता. एवढे दिस मी मलाच खाऊन ऱ्हायलो. पोरगं बी मला तेच बोललं, बाबा, तुमी गाडी चुकवली." त्याचा आवाज चढत गेला. "आन तुमी आता सांगता! आता? एवढ्याश्या डबीसाठी? माझी बायको पायरीवर बसली व्हती, तुमच्या डोळ्यांसमोर बसली व्हती!" दोर त्याने अंगणात भिरकावला. सून चहाचे पेले घेऊन दारातच थांबली. पुढे तो त्यांच्या बोलीत ओरडत होता, ते मला सगळं समजलं नाही. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. "निघा," तो शेवटी म्हणाला. "निघा माझ्या दारातून."

बाई तो बोलायचा थांबेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. मान खाली घातली नाही, हात जोडले नाहीत, माफी मागितली नाही. त्याच्याकडे बघत सगळं ऐकून घेतलं. मग गाडीकडे चालायला लागल्या. मी मागे वळून पाहिलं तेव्हा गावितचा मुलगा शेतातून धावत आला होता आणि म्हातारा त्याचा दंड धरून आमच्या दिशेने हात करून त्याला काहीतरी सांगत होता.

आम्ही नाशिकच्या वाटेला लागलो. पुढच्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या, निरोप समारंभ नको म्हणाल्या आणि कळवणकडे राहायला गेल्या, मधल्या दिवसांत माझी हॉस्पिटलात फेरी झाली नाही, त्यामुळे माझी आणि त्यांची ती शेवटची भेट. पेठ नाक्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. तिथून रिक्षाने जाईन म्हणाल्या. उतरून दार लावायच्या आधी मी विचारलं, "बाई, आता जरा बरं वाटतंय का?"

त्यांनी वाकून आत पाहिलं. पहिल्या दिवशीसारखंच, चष्म्यावरून.

"बरं वाटायला गेले होते का मी?" त्या म्हणाल्या, दार आपटलं आणि रस्ता ओलांडून गर्दीत निघून गेल्या.